जुन्या पुस्तकांचं दुकान : खरेदीचं टेबल, फळ्या, दमट हवा, खळ आणि पेन्सिल

तळफळी

जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा विषय निघाला की गाडी लगेच कागदाच्या वासावर आणि ढिगात हाती लागलेल्या दुर्मीळ प्रतीवर जाते. रोजचं काम मात्र खोकी उचलणं, प्रती तपासणं, पुसणं, भाव टाकणं, लावणं आणि न विकलेलं काढून टाकणं हे असतं. त्याबद्दल नेमकं लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा. आठवणी नकोत. कृती, मापं, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहू या.

सुरुवात खरेदीच्या टेबलापासून करतो, कारण दुकान तिथेच तरतं किंवा बुडतं. फळीवरची जागा मोजकी असते. न विकलं जाणारं पुस्तक फुकट मिळालं तरी महाग पडतं, कारण ते तपासायला, पुसायला, लावायला वेळ जातो आणि वर्षभर ते दुसऱ्या पुस्तकाची जागा अडवून बसतं. आलेल्या गठ्ठ्यातली निम्मी पुस्तकं नाकारावी लागणं यात काही वावगं नाही. विकायला येणाऱ्याला हे खोकं उघडण्याआधीच सांगावं आणि नाकारलेली प्रत परत नेणार की ठेवून जाणार, तेही तेव्हाच विचारून घ्यावं.

एक प्रत तपासायला मिनिटभर पुरतं, पण क्रम ठरलेला हवा. पुस्तक मिटलेलं ठेवून आधी वरून बघायचं: पानांचा ठोकळा काटकोनात आहे की एका बाजूला कलला आहे? मग खालची कड बघायची. तिथे पानं लहरी झाली असतील तर पाणी लागलेलं आहे, वरून कव्हर कितीही स्वच्छ दिसो. नंतर पुढचा पुठ्ठा उघडून पोस्तीन (पुठ्ठा आणि पानं यांना जोडणारा आतला कागद) जिथे दुमडतं त्या रेषेवर बोट फिरवायचं. कागद फाटून आतली जाळी दिसत असेल तर पुठ्ठ्याची बिजागरी गेलेली आहे. पुस्तक मधोमध उघडून शिवणीजवळ नाक न्यायचं. बुरशीचा वास कव्हरपेक्षा या खाचेत जास्त बसतो. शेवटी अंगठ्याखालून पानं दोनदा सोडायची, एकदा पुढून आणि एकदा मागून. पेनाच्या रेघा बहुतेक करून पहिल्या दोन-तीन प्रकरणांत असतात, तर फाडून नेलेले नकाशे मागच्या बाजूला. चित्रांची स्वतंत्र पानं पुष्कळदा पानक्रमांकात धरलेली नसतात, त्यामुळे क्रमांक सलग आहेत म्हणून प्रत पूर्ण आहे असं समजू नये. चित्रसूची असेल तर तिच्याशी ताडून बघावं.

भावाचा माझा हिशोब असा: रोख द्यायची तर अपेक्षित विक्रीकिमतीच्या पाव भागापर्यंत, आणि दुकानातच पुस्तकं घेण्यासाठी जमा धरायची तर चाळीस टक्क्यांपर्यंत. जमेचा दर जास्त ठेवला की गल्ल्यातले पैसे कमी हलतात आणि माणूस परत येतो.

पेन्सिलटोक

उत्तम धागा. टेबलावरच अडवायच्या गोष्टींची भर घालते.

ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत. शिक्का असणं गैर नाही, ग्रंथालयं पुस्तकं रीतसर काढून टाकतात. पण मग ‘रद्द’, ‘नोंदीतून कमी’ असा दुसरा शिक्का किंवा सहीची नोंद हवी. ती नसेल तर प्रत घेऊ नये, ग्रंथालयाला कळवावं. शिक्का ब्लेडने खरवडलेला किंवा त्या जागी कोरा कागद चिकटवलेला दिसला तर संपूर्ण गठ्ठ्याकडेच वेगळ्या नजरेनं बघायला हवं.

पुढचं कव्हर फाडलेलं स्वस्त पेपरबॅक. काही देशांत न खपलेल्या प्रतींचं फक्त कव्हर प्रकाशकाकडे परत पाठवतात आणि उरलेलं पुस्तक नष्ट केल्याचं कळवतात. अशी प्रत बाजारात असायलाच नको.

चोरटी छपाई. ओळखायला तीन जागा पुरतात. कव्हरवरच्या बारीक अक्षरांच्या कडा (स्कॅन करून छापलेलं असेल तर अक्षर फुटलेलं दिसतं), आतल्या समासांची रुंदी (पानागणिक तिरकी होत जाते), आणि मागच्या बारकोडखालचा क्रमांक. हा क्रमांक आतल्या मुद्रणतपशिलाच्या पानावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

बाकी, ज्यांचा काळ उलटला आहे अशा गोष्टी: संगणक प्रणालींची जुनी मार्गदर्शकं, मागच्या अभ्यासक्रमाच्या गाइड, विश्वकोशाचे सुटे खंड. संचातला एकही खंड कमी असेल तर संच म्हणून किंमत जवळजवळ संपते. अपवाद फक्त एकेक विषय पूर्ण करणाऱ्या खंडांचा.

फर्मासोळा

आयएसबीएनवर, म्हणजे बारकोडजवळ छापलेल्या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावर, थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा टाकला जातो.

हा क्रमांक १९७० साली आंतरराष्ट्रीय मानक झाला, तेव्हा तो दहा अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. त्यामुळे १९७० च्या आधीच्या पुस्तकावर तो शोधत बसू नये, आणि जुन्या दहा अंकी क्रमांकाआधी नुसतं ९७८ लावलं तर चुकीचा क्रमांक तयार होतो. ९७८ लावल्यावर शेवटचा तपासअंक (बाकीचे अंक बरोबर आहेत का ते पडताळणारा) काढून टाकून नव्याने मोजावा लागतो. रीत सोपी आहे. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपासून किती कमी आहे ते बघायचं. उदाहरणार्थ ९७८१२३४५६७८९ या अंकांची बेरीज १३३ येते, पुढची पट १४०, म्हणून तपासअंक ७. दहा अंकी क्रमांकाचा तपासअंक अकराच्या भागाकारावर काढतात, म्हणून तिथे शेवटी कधीकधी रोमन ‘एक्स’ दिसतो. तो दहा या अर्थी असतो. ९७९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला दहा अंकी रूप नाही.

यादीत नोंद करताना हे उपयोगी पडतं. पण आयएसबीएनवरून मुद्रण कळत नाही. तोच क्रमांक पहिल्या मुद्रणावर असतो आणि विसाव्यावरही. पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांना मात्र वेगवेगळे क्रमांक असतात. मुद्रण ओळखायला मुद्रणतपशिलाचं पान वाचावं. इंग्रजी पुस्तकांत अनेकदा १ ते १० अंकांची एक ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान अंक म्हणजे ते मुद्रण. ओळीत १ शिल्लक असेल तर पहिलं, ३ पासून सुरू होत असेल तर तिसरं. ओळ उलटसुलट मांडलेली असली तरी नियम तोच. काही प्रकाशक ही पद्धत वापरत नाहीत, तिथे ‘प्रथमावृत्ती’ आणि पुनर्मुद्रणाची वर्षं यांवरच जावं लागतं. नुसत्या स्वामित्वहक्काच्या वर्षावरून प्रत पहिली ठरवू नये, कारण ते वर्ष पुनर्मुद्रणातही तसंच राहतं.

नवी_फळी

वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न आहेत. फळ्या किती लांबीच्या करून घ्याव्यात? सुतार ९० सेंटीमीटर म्हणतो आहे, १८ मिलिमीटर प्लायवूडमध्ये. आणि किमतीची चिठ्ठी लावावी की पेन्सिलीने लिहावं?

कोनमाप

> सुतार ९० सेंटीमीटर म्हणतो आहे

७५ वर थांबा. साध्या कादंबऱ्यांची एक मीटर ओळ ढोबळमानाने २५ ते ३० किलो भरते, गुळगुळीत कागदावरची चित्रांची पुस्तकं त्याहून बरीच जड. सगळ्या लांबीवर सारखा भार असेल तर फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. ७५ ची ९० केली तर लांबी फक्त वीस टक्क्यांनी वाढते, पण बाक दुपटीहून जास्त होतो. जाडीचं उलट आहे, तिथे घनाचा हिशोब: १८ ऐवजी २५ मिलिमीटर घेतली तर बाक पूर्वीच्या चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. जाड फळी परवडत नसेल तर पुढच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची कठीण लाकडाची पट्टी उभी चिकटवून घ्या. खर्च थोडा, ताठपणा पुष्कळ. भुशाच्या बोर्डाची फळी घेऊच नका. तो बोर्ड सततच्या भाराखाली महिनोन्महिने वाकत राहतो आणि भार काढला तरी पुरता सरळ होत नाही.

आणखी काही मापं. सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १० सेंटीमीटर वर. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट नको, मागे ५ सेंटीमीटर हवा खेळती राहू द्या, नाहीतर भिंतीचा गारवा थेट पुस्तकांच्या पाठीमागे ओल धरतो. प्रत्येक उंच कपाट वरून लोखंडी कोनाने भिंतीला बांधलेलं हवंच. सहा फळ्यांच्या भरलेल्या कपाटाचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, आणि लहान मुलं खालच्या फळीवर पाय देऊन चढतात.

फळी गच्च भरू नका. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली की पुस्तक सहज निघतं. गच्च फळीतून गिऱ्हाईक कण्याचं वरचं टोक बोटाने ओढतं आणि तिथलं कापड फाटतं. योग्य रीत म्हणजे शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकलून मधलं पुस्तक कण्याच्या मध्यावर धरणं. अगदी सैलही नको, कारण तिरक्या उभ्या राहिलेल्या पुस्तकाचा ठोकळा कलतो. फळीत उभं मावत नाही म्हणून मोठं पुस्तक पानांच्या कडेवर आडवं उभं करणं सर्वांत वाईट. पानांचं वजन लोंबतं आणि ठोकळा पुठ्ठ्यांतून सुटतो. अशी पुस्तकं झोपवून ठेवा, एकावर एक चारपेक्षा जास्त नको.

पेन्सिलटोक

चिठ्ठी की पेन्सिल: पेन्सिल. २बी, फार टोकदार न केलेली, पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. कठीण पेन्सिलीची रेघ खोडली तरी कागदावर खाच राहते. किमतीखाली आल्याचा महिना-वर्ष लिहायचा, म्हणजे छाटणीच्या वेळी वही उघडावी लागत नाही. चिठ्ठीचा गोंद वर्षभरात कव्हरच्या कागदात उतरतो आणि काढताना वरचा थर घेऊन येतो. अपवाद लहान मुलांच्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा. तिथे पेन्सिल उमटत नाही, म्हणून सहज निघणारी चिठ्ठी मागच्या बाजूला.

आधीच्या दुकानाच्या चिठ्ठ्या काढायला हेअर ड्रायर वापरा. मध्यम उष्णतेवर वीस-तीस सेकंद, मग एक कोपरा नखाने उचलून सपाट, कव्हरला जवळजवळ समांतर ओढा. सरळ वर ओढलं की कागद फाटतो. उरलेला चिकटा लायटरमध्ये भरायच्या इंधनाने, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन पुसला की निघतो आणि ते उडून जातं. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको, आणि आधी कोपऱ्यात करून बघा. प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदी कव्हरवर तेल कधीही लावू नका, तो डाग कायमचा.

दमटकोपरा

आता हवेबद्दल. यात लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात.

आधी आर्द्रतामापक घ्या. दुकानाच्या मध्यावर एक आणि सर्वांत ओलसर कोपऱ्यात तळच्या फळीवर एक. स्वस्त मापक दहा-दहा टक्के चुकतात, म्हणून घेतल्यावर तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी घाला (मीठ विरघळून जाता कामा नये), झाकण आणि मापक एकाच घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. जेवढा फरक तेवढा मापकावर लिहून ठेवा.

३५ ते ५५ टक्के चांगलं. ६५ च्या वर काही दिवस सतत राहिलं की बुरशी धरायला सुरुवात होते. पानांवरून पळणारे फिकट, टाचणीच्या टोकाएवढे किडे बुरशीवर जगतात. ते दिसले की समजावं, हवा ६० च्या वर आहे. हवा कोरडी केली की ते आपोआप संपतात, औषध मारायची गरज नाही. कसर वेगळी. ती कागदाचा वरचा थर आणि खळ खाते, वेडेवाकडे खरवडल्यासारखे पट्टे दिसतात. वाळवीची खूण म्हणजे भिंतीवरून किंवा कपाटामागून आलेली मातीची नळी. ती दिसली तर पुस्तकांवर उपाय करत बसू नका, इमारतीवर उपाय करणाऱ्याला बोलवा.

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या फळ्यांवर ठेवणं निरुपयोगी आहे. दार दिवसभर उघडं-मिटतं, बाहेरची हवा येतच राहते आणि पुड्या काही तासांत भरतात. बंद डब्यात त्या उत्तम काम करतात. मोकळ्या दुकानासाठी आर्द्रता काढणारं यंत्र किंवा निदान रात्रभर हलक्या गतीवर पंखा. नॅप्थलीनच्या गोळ्या नकोत. बंद दुकानात ती वाफ दिवसभर काम करणाऱ्याच्या छातीत जाते, आणि वास पुस्तकात इतका बसतो की गिऱ्हाईक पुस्तक परत आणतं.

नव्या मालाला थेट फळी नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात दोन आठवडे वेगळा ठेवा. तळाला पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत अळी आहे. अशी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून चिकटपट्टीने बंद करा आणि शून्याखाली २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पुढचे २४ तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. सगळी मेहनत या एका घाईत फुकट जाते. गोठवण्यानं कीड मरते, बुरशी मरत नाही, ती फक्त थांबते.

खळकात्री

डागडुजीबद्दल. आधी ठरवायचं की करायची की नाही. सहज मिळणाऱ्या कादंबरीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालू नये. खरोखर मोलाच्या प्रतीला तर आपण हातच लावू नये. तिला आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावं आणि संवर्धन करणाऱ्याकडे द्यावं. मधल्या दर्जाच्या प्रतींसाठी या तीन दुरुस्त्या शिकून ठेवल्या तर बहुतेक काम भागतं.

सैल झालेली बिजागरी. शिवण शाबूत, पण पुठ्ठा हलतो. पुस्तक उभं धरा. लांब विणकामाच्या सुईला पीव्हीए (सुतारकामात वापरतात तसा पांढरा) गोंद पातळसर लावा आणि कणा व पुठ्ठा यांमधल्या पोकळीत सुई घालून गोल फिरवत गोंद आत उतरवा. वरून आणि खालून, दोन्ही टोकांनी. गोंद ओघळेल इतका नको. पुठ्ठा आणि पोस्तीन यांच्यामध्ये मेणकागद ठेवून पुस्तक मिटा, बाहेरच्या खाचेत सुई आडवी दाबून बसवा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. मेणकागद विसरला तर सकाळी पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं मिळतं.

सुटलेलं एक पान. पानाच्या शिवणीकडच्या कडेवर फक्त ३ मिलिमीटर गोंद. नेमकी रुंदी येण्यासाठी पानावर रद्दी कागद ठेवून ३ मिलिमीटर कडच उघडी ठेवायची आणि ब्रश कागदाकडून कडेकडे ओढायचा. पान बसवताना बाहेरची कड इतर पानांशी जुळवा. पान एक मिलिमीटरही बाहेर राहिलं तर ते पुढच्या महिनाभरात तिथेच फाटतं.

मधून तडकलेलं कागदी बांधणीचं पुस्तक. या पुस्तकांच्या कण्याला गरम वितळवलेला गोंद असतो. तो वयाने आणि थंडीने कडक होतो, आणि पुस्तक उताणं उघडलं की काडकन तुटतो. सुट्या पानांचा गठ्ठा परत चिकटवत बसण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी शेजारी तुटतो. पूर्ण बांधणी नव्याने करायची तर: कव्हर अलगद सोडवा, कण्यावरचा जुना गोंद खरवडा आणि जाड पॉलिशपेपर फिरवून कागदाचे तंतू मोकळे करा. पानं ठोकून सरळ करा, दोन फळ्यांमध्ये शिकंज्यात धरा, कणा दोनेक सेंटीमीटर बाहेर. पानं एका बाजूला पंख्यासारखी वाकवून पातळ पीव्हीए लावा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. यामुळे गोंद प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर आत जातो आणि पकड तिथेच मिळते. सरळ करून वर सुती जाळीची पट्टी, आणखी एक हात गोंद, आठ-दहा तास वाळू द्या, मग कव्हर.

साधी चिकटपट्टी पुस्तकाच्या जवळही आणू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो, वरचं प्लास्टिक गळून पडतं आणि तपकिरी पट्टा उरतो. फाटलेल्या पानाला मैद्याच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागदाची फाडलेली पट्टी. कात्रीने कापलेली नको, फाडलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात.

फर्मासोळा

पीव्हीएबद्दल एक भर. तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. खळ सुटते. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शिवलेल्या पुस्तकाला खळच वापरावी, उद्या कुणाला नीट दुरुस्त करायचं असेल तर वाट मोकळी राहते. आणि दुरुस्ती केली असेल तर विकताना ते सांगणं बंधनकारक मानावं. ‘बिजागरी पुन्हा चिकटवली आहे’ एवढं पेन्सिलीने किमतीखाली लिहिलं की पुरतं.

खळकात्री

मान्य. सुईच्या दुरुस्तीतही खळ आणि पीव्हीए अर्धाअर्धा मिसळून चालतं. वाळायला वेळ जास्त लागतो, एवढंच.

वहीखाते

दिवसाच्या क्रमाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. उघडल्यावर पहिलं काम झाडलोट नसतं. काल गिऱ्हाइकांनी चुकीच्या जागी ठेवलेली पुस्तकं शोधणं हे पहिलं. चुकीच्या फळीवरचं पुस्तक म्हणजे नसलेलं पुस्तक. प्रत्येक विभागातून नुसती नजर फिरवली तरी उंची आणि रंग वेगळे दिसतात. मग ऑनलाइन आलेल्या मागण्या फळीवरून काढून आणायच्या, आणि त्यानंतरच दार उघडायचं. एकच प्रत दुकानातही आहे आणि यादीतही, अशा वेळी ती दोघांना विकली जाण्याचा धोका रोज असतो. उपाय दोन. यादीतल्या पुस्तकाला जागेचा संकेत द्या (कपाट-फळी, जसं ‘ख-३’) आणि तोच संकेत किमतीच्या खाली लिहा. गल्ल्यावर संकेत असलेली प्रत आली की यादीतून लगेच, बिल करण्याआधी, काढायची. संध्याकाळी एकत्र काढू म्हटलं की घोटाळा झालाच.

यादीत वर्णन लिहिताना दर्जाच्या एका शब्दावर थांबू नका. दोष जागेसकट लिहा: ‘पान ४५ ते ६० पेन्सिलीच्या रेघा, मागच्या जॅकेटला २ सेंटीमीटर फाट, आधीच्या मालकाचं नाव पहिल्या पानावर’. फोटो चार: पुढून, कण्यावरून, मुद्रणतपशिलाचं पान, आणि सर्वांत मोठा दोष. माल परत येण्याचं प्रमाण या चौथ्या फोटोमुळे जितकं कमी होतं तितकं दुसऱ्या कशानेच होत नाही.

छाटणी दर महिन्याला एका विभागाची. पेन्सिलीतली तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल तर किंमत निम्मी, वर्षापूर्वीची असेल तर बाहेरच्या गाड्यावर. कविता, शब्दकोश आणि स्थानिक इतिहास यांना हा नियम लावू नये. ते सावकाश पण हमखास जातात, आणि ते शोधणारं गिऱ्हाईक इतरही चार पुस्तकं घेतं. एकाच पुस्तकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती फळीवर नकोत. बाकीच्या मागे ठेवून एकेक भरत राहावं.

काचेतल्या मांडणीतली पुस्तकं आठवड्याला बदला. लाल आणि नारिंगी कणे सर्वांत आधी उडतात.

नवी_फळी

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: टपालाने पाठवताना कोपरे दबतात. आणि छत गळून एखादी फळी भिजली तर पहिल्या तासात काय करायचं?

पेन्सिलटोक

कोपरे: आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर मोठे असे नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे वरखाली. दोन्ही तुकड्यांच्या नाळी एकमेकींना काटकोनात ठेवा, म्हणजे सँडविच कुठल्याच दिशेला वाकत नाही. बाहेर आलेला तो सेंटीमीटरच मार खातो, पुस्तकाचा कोपरा वाचतो. फुग्यांचं प्लास्टिक थेट चकचकीत जॅकेटवर नको, उष्णतेत त्याचे ठसे उमटतात. खोक्यातून पाठवत असाल तर हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा. खोकं १५ किलोच्या वर नेऊ नका, तळ सुटतो आणि उचलणाऱ्याची पाठही जाते.

दमटकोपरा

भिजलेल्या फळीचं: आधी वरून येणारं पाणी अडवा आणि वीज बंद करा. मग वेगळं करायचं ते कागदाच्या प्रकारानुसार. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं सर्वांत आधी. ती ओली असतानाच पानांमध्ये मेणकागद घालावा लागतो. एकदा मिटलेली वाळली की पानांची वीट होते आणि ती कुठल्याही उपायानं सुटत नाही. साध्या कागदाची, फक्त कडा भिजलेली पुस्तकं पंख्यासारखी उघडून उभी करा, दर पाव इंचाला कोरा टिपकागद घाला आणि ओला झाला की बदला. वर्तमानपत्र वापरलं तर शाई उतरते. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, थेट पानांवर नको. उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकतात. चिंब भिजलेल्या प्रती जास्त असतील आणि सगळ्यांना हात लागणार नसेल तर उरलेल्या पिशवीत घालून गोठवा. बुरशी साधारण ४८ तासांत धरते, गोठवल्याने तुम्हाला वेळ मिळतो आणि मग दोन-दोन करून वाळवता येतात.

यातल्या ज्या प्रतींवर बुरशी धरलीच, त्या विकायच्या नाहीत, स्वस्तातही नाही. एखादी फारच हवी असेल तर पूर्ण वाळू द्या. ओली बुरशी पुसली की पसरते, वाळलेली भुकटी होऊन निघते. मग उघड्यावर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने आपल्यापासून दूर झाडा. बाकीच्या टाकताना बंद पिशवीत वेगळ्या टाका. रद्दीच्या गठ्ठ्यात बांधू नका, कारण तो गठ्ठा नेणारा येईपर्यंत चार दिवस दुकानातच, चांगल्या मालाच्या शेजारी पडून असतो.